पॉकेट स्कोअर

पॉकेट स्कोअर म्हणजे पाश्चात्य अभिजात संगीतातील एखाद्या रचनेची संपूर्ण स्वरलिपी लहान आकारात छापलेली पुस्तिका होय. तिला मिनिएचर स्कोअर किंवा स्टडी स्कोअर असेही म्हणतात. ही पुस्तिका वाद्य वाजवताना समोर ठेवण्यासाठी नसून संगीत ऐकताना किंवा अभ्यासताना वाचण्यासाठी असते. वाद्यवृंदाच्या संचालकासमोर असणारी मोठी स्वरलिपी आणि पॉकेट स्कोअर यांतील मजकूर साधारणपणे एकच असतो. फरक आकाराचा, किमतीचा आणि वापरणाऱ्याचा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील लाइपझिग शहरात या पुस्तिकांच्या स्वस्त मालिका निघू लागल्या. त्यामुळे तोवर संचालक, संगीतकार व मोठी ग्रंथालये यांच्यापुरती मर्यादित असलेली संपूर्ण स्वरलिपी सामान्य श्रोत्याला विकत घेता येऊ लागली.

स्वरूप

पाश्चात्य संगीत पाच आडव्या रेषांच्या पंचरेषेवर लिहिले जाते. या पद्धतीला स्टाफ नोटेशन म्हणतात. वाद्यवृंदातील प्रत्येक वादकाला केवळ त्याच्या वाद्यापुरता लिहिलेला भाग दिलेला असतो. त्याला पार्ट म्हणतात. सर्व वाद्यांचे पार्ट एकाखाली एक मांडून तयार होणाऱ्या एकत्रित स्वरलिपीला स्कोअर म्हणतात. स्कोअरमध्ये एकाच क्षणी वाजणारे सर्व स्वर एकाच उभ्या ओळीत येतात. त्यामुळे वाचक डावीकडून उजवीकडे जाताना काळाचा प्रवाह पाहतो, तर वरून खाली पाहताना त्या क्षणी कोणती वाद्ये काय वाजवत आहेत हे त्याला समजते.

स्कोअरमधील वाद्यांचा क्रम रूढ झालेला आहे. सर्वांत वर बासरी, ओबो, क्लॅरिनेट व बसून ही सुषिर वाद्ये असतात. त्याखाली हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन व ट्यूबा ही पितळी वाद्ये आणि त्यानंतर टिंपनी व इतर तालवाद्ये येतात. सर्वांत खाली पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, व्हायोला, चेलो व डबल बास ही तंतुवाद्ये असतात. एकल गायक किंवा समूहगायन असल्यास त्यांच्या ओळी बहुधा तंतुवाद्यांच्या वर छापल्या जातात.

काही वाद्यांसाठी लिहिलेला स्वर आणि प्रत्यक्ष ऐकू येणारा स्वर वेगळा असतो. उदाहरणार्थ, बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी ‘सी’ लिहिला असता ‘बी फ्लॅट’ ऐकू येतो; पेटीच्या परिभाषेत सांगायचे तर ‘पांढरी एक’ लिहिलेली असताना ‘काळी पाच’ वाजते. नवशिक्या वाचकास स्कोअर अवघड वाटण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. मात्र रचना ऐकत असताना स्कोअरचा माग ठेवण्यासाठी प्रत्येक स्वर ओळखता येणे आवश्यक नसते. रेषांचा चढउतार, लय, विरामांच्या जागा आणि वाद्यांचा प्रवेश एवढे ओळखता आले तरी श्रोता रचनेबरोबर पुढे जाऊ शकतो.

पॉकेट स्कोअरची उंची साधारणपणे १९ सेंटिमीटरच्या आसपास असते. सिंफनीसारख्या मोठ्या रचनांत जागा वाचवण्यासाठी त्या पानावर न वाजणाऱ्या वाद्यांच्या ओळी अनेकदा गाळल्या जातात. त्यामुळे एका पानावर वीस ओळी, तर पुढच्या पानावर चार-चार ओळींचे दोन-तीन पट्टे असे दृश्य दिसते.

इतिहास

पार्टकडून स्कोअरकडे

अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी वाद्यवृंदाचे संगीत प्रामुख्याने सुट्या पार्टच्या स्वरूपात छापले जाई. प्रकाशकाचे ग्राहक वादक होते आणि वादकांना पार्ट पुरेसे होते. वादनाचे नेतृत्वही अनेकदा पहिल्या व्हायोलिनच्या पार्टवरूनच केले जाई. लुडविग फान बेटोफेनची पाचवी सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्ना येथे प्रथम सादर झाली. तिचे पार्ट इ.स. १८०९ मध्ये लाइपझिगच्या ब्राइटकोप्फ उंड हेर्टेल या संस्थेने छापले. परंतु संपूर्ण स्कोअर इ.स. १८२६ मध्ये, म्हणजे बेटोफेनच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झाला. मधल्या सतरा वर्षांत ही रचना छापील रूपात सलग वाचण्याची सोय नव्हती.

लहान आकारातील स्कोअरचे प्रयत्न मात्र याच काळात सुरू झाले होते. हायडनचा शिष्य आणि संगीतकार इग्नाझ प्लेयेल याने पॅरिसमध्ये प्रकाशनसंस्था काढली आणि इ.स. १८०२ पासून हायडनच्या रचनांचे छोट्या आकाराचे स्कोअर प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. लंडनमध्ये चान्केत्तिनी अँड स्पेराटी या संस्थेने हायडन, मोझार्ट व बेटोफेन यांच्या सिंफनींचे स्कोअर काढले. बेटोफेनच्या पहिल्या तीन सिंफनींचा त्यात समावेश होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मानहाइम येथील हेकेल या प्रकाशकाने कक्षसंगीताचे लहान स्कोअर छापले.

लाइपझिगमधील मालिका

इ.स. १८८६ मध्ये लाइपझिगचा प्रकाशक अल्बर्ट पेन याने छोट्या आकाराच्या स्कोअरची मालिका सुरू केली. तिच्यात मुख्यतः तंतुवाद्यांच्या चौकड्या व इतर कक्षसंगीत होते. इ.स. १८९२ मध्ये ही मालिका त्याच शहरातील एर्न्स्ट ऑयलेनबुर्ग याने विकत घेतली. त्याची प्रकाशनसंस्था इ.स. १८७४ मध्ये स्थापन झाली होती. ऑयलेनबुर्गने मालिकेत सिंफनी, कंचेर्टो आणि पूर्वरंगांची भर घातली. पिवळ्या मुखपृष्ठाच्या या पुस्तिका पुढे युरोपभर आणि युरोपबाहेरही परिचित झाल्या. कित्येक श्रोत्यांच्या बोलण्यात ‘ऑयलेनबुर्ग’ हा शब्द पॉकेट स्कोअरचा पर्याय म्हणून वापरला जाऊ लागला.

ऑयलेनबुर्ग कुटुंब ज्यू असल्याने नाझी राजवटीत संस्थेवर संकट आले. संस्थापकाचा मुलगा कुर्ट ऑयलेनबुर्ग इ.स. १९३९ मध्ये लंडनला गेला आणि तेथे त्याने संस्थेचे काम पुन्हा उभे केले. इ.स. १९५७ मध्ये ही संस्था शॉट या प्रकाशनसमूहात विलीन झाली. मालिका आजही चालू आहे.

विसावे शतक

इ.स. १९२३ मध्ये व्हिएन्नामध्ये अल्फ्रेड काल्मुस याने स्थापन केलेल्या संस्थेने ‘फिलहार्मोनिया’ ही मालिका काढली. ती पुढे युनिव्हर्सल एडिशनमध्ये सामावली गेली. इंग्लंडमध्ये बूझी अँड हॉक्स या संस्थेने ‘हॉक्स पॉकेट स्कोअर्स’ या मालिकेतून समकालीन संगीतकारांच्या रचनाही लहान आकारात उपलब्ध केल्या. स्वस्त पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या पेंग्विन या प्रकाशनसंस्थेने इ.स. १९४९ मध्ये गॉर्डन जेकब यांच्या संपादनाखाली ‘पेंग्विन स्कोअर्स’ ही मालिका सुरू केली. कादंबरी घेणाऱ्या वाचकाने त्याच दुकानातून सिंफनीही घ्यावी, अशी त्यामागील कल्पना होती. ही मालिका काही वर्षांतच बंद पडली.

अमेरिकेत प्रताधिकाराची मुदत संपलेल्या जुन्या युरोपीय आवृत्त्यांचे पुनर्मुद्रण करून स्कोअर स्वस्त करण्याचा मार्ग एडविन काल्मुस व नंतर न्यू यॉर्कच्या डोव्हर पब्लिकेशन्स यांनी अवलंबिला. डोव्हरच्या मोठ्या आकाराच्या, कागदी बांधणीच्या एका खंडात अनेक सिंफनी मिळत असत. ते खिशात मावत नसले तरी श्रोते व विद्यार्थी त्यांचा वापर पॉकेट स्कोअरसारखाच करीत.

श्रोत्यांकडून होणारा वापर

ध्वनिमुद्रणापूर्वी एखादी सिंफनी ऐकण्याची संधी श्रोत्याला वर्षातून एखाद्या वेळी, किंवा आयुष्यातून मोजक्या वेळा मिळत असे. मैफलीआधी स्कोअर वाचणे, मैफलीत तो समोर ठेवणे आणि नंतर घरी पुन्हा चाळणे हा रचना लक्षात ठेवण्याचा एक मार्ग होता. न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरामध्ये सर्वांत वरच्या सज्जात स्कोअर वाचणाऱ्यांसाठी दिव्याची सोय असलेली मेजे आहेत. तेथून रंगमंच नीट दिसत नसला तरी संगीत ऐकू येते.

ध्वनिमुद्रिका व नभोवाणी यांच्या प्रसारानंतर स्कोअर वाचणाऱ्या श्रोत्याला नवे साधन मिळाले. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे चार मिनिटांचेच संगीत मावत असे. त्यामुळे आरंभीच्या काळात मोठ्या रचना कापून मुद्रित केल्या जात. समोर स्कोअर असलेल्या श्रोत्याला कोठे किती भाग गाळला आहे हे लगेच कळे. इ.स. १९१३ मध्ये आर्थर निकिश यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिकने बेटोफेनच्या पाचव्या सिंफनीचे केलेले ध्वनिमुद्रण संपूर्ण सिंफनी मुद्रित करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक मानले जाते. लेखक कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी इ.स. १९२३ मध्ये लंडन येथे ‘द ग्रामोफोन’ हे नियतकालिक सुरू केले आणि पुढील वर्षी नॅशनल ग्रामोफोनिक सोसायटी स्थापन केली. मोठ्या कंपन्या ज्या कक्षसंगीताकडे दुर्लक्ष करीत होत्या, ते वर्गणीदारांच्या बळावर न कापता मुद्रित करणे हा या सोसायटीचा हेतू होता.

एकत्र बसून ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्या रसिकमंडळांतही स्कोअरचा वापर होत असे. एकाच रचनेची दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकून कोणत्या संचालकाने लिहिलेली लय पाळली, कोणी पुनरावृत्ती वगळली, कोणते वाद्य दबले गेले, यांवर चर्चा होई. ‘मला हे आवडले’ या मतापासून सुरू झालेली चर्चा स्कोअरमुळे एखाद्या विशिष्ट बारपर्यंत, म्हणजे उभ्या रेषांनी आखलेल्या ठरावीक मात्रांच्या खंडापर्यंत, नेता येत असे. मतभेद मिटले नाहीत तरी ते नेमके कशाबद्दल आहेत हे स्पष्ट होई.

नवशिक्या वाचकांसाठी काही खास आवृत्त्याही निघाल्या. १९३० च्या दशकात अमेरिकेत अल्बर्ट वायर यांनी संपादित केलेल्या स्कोअरमध्ये त्या क्षणीचा मुख्य स्वरप्रवाह कोणत्या वाद्याकडे आहे हे बाणाने दाखविलेले असे.

पाठभेद आणि आवृत्त्या

स्कोअर हा रचनेचा अंतिम व निर्दोष पाठ असतो असे नाही. हस्तलिखित, नकलनवीसाची प्रत, पहिले मुद्रण आणि संगीतकाराने नंतर केलेल्या दुरुस्त्या यांत तफावत आढळते. बेटोफेनच्या पाचव्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात पहिल्या मुद्रणाच्या वेळी दोन जादा बार छापले गेले. बेटोफेनने इ.स. १८१० मध्ये प्रकाशकाला पत्र लिहून ही चूक कळविली. तरीही १८२६ च्या स्कोअरमध्ये ते बार तसेच राहिले. इ.स. १८४६ मध्ये ते पत्र प्रसिद्ध झाल्यानंतर या चुकीकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे ही सुप्रसिद्ध रचना संगीतकाराने नाकारलेल्या दोन बारांसह छापील रूपात वावरत होती.

आंटोन ब्रुक्नरच्या सिंफनींबाबत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. त्याने स्वतः आपल्या रचना पुनःपुन्हा बदलल्या. त्याच्या आठव्या सिंफनीची रॉबर्ट हास यांनी संपादित केलेली आवृत्ती इ.स. १९३९ मध्ये, तर लिओपोल्ड नोवाक यांची आवृत्ती इ.स. १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. दोहोंत काही उतारे कमी-अधिक आहेत. त्यामुळे ब्रुक्नरचे ध्वनिमुद्रण घेताना ते ‘हास’ आहे की ‘नोवाक’ हे रसिक पाहतात आणि सोबत ठेवलेला स्कोअर त्याच आवृत्तीचा नसेल तर वाचक मध्येच वाट चुकतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर मूळ साधनांशी ताडून पाहिलेल्या आवृत्त्यांना विशेष महत्त्व आले. अशा पाठाला जर्मन भाषेत उरटेक्स्ट, म्हणजे मूळ पाठ, म्हणतात. गुंटर हेन्ले यांनी इ.स. १९४८ मध्ये स्थापन केलेली हेन्ले आणि इ.स. १९२३ पासून कार्यरत असलेली बेरेनरायटर या संस्था त्यासाठी प्रसिद्ध आहेत. बेरेनरायटरने इ.स. १९५५ पासून मोझार्टच्या समग्र रचनांची नवी चिकित्सक आवृत्ती खंडशः प्रसिद्ध केली. अशा मोठ्या प्रकल्पांतील पाठ पुढे लहान आकाराच्या स्टडी स्कोअरमध्येही छापले जातात. त्यामुळे संशोधनाचे फळ सामान्य वाचकापर्यंत पोहोचते.

संग्रह

स्कोअर जमविणाऱ्यांचे सामान्यतः दोन वर्ग दिसतात. पहिल्या वर्गाचे लक्ष हस्तलिखिते व पहिल्या आवृत्त्यांकडे असते. संगीतकार योहानेस ब्राम्स हा असा संग्राहक होता. मोझार्टच्या जी मायनर सिंफनीचे, म्हणजे क्रमांक ४० चे, हस्तलिखित त्याच्याजवळ होते. ते त्याच्या मृत्यूनंतर व्हिएन्नाच्या संगीतप्रेमी मंडळाकडे गेले. लेखक स्टेफान त्स्वाइग याच्या संग्रहात मोझार्टने स्वहस्ते ठेवलेली आपल्या रचनांची सूची होती. हा संग्रह इ.स. १९८६ मध्ये ब्रिटिश लायब्ररीला भेट देण्यात आला. फ्रांकफुर्टचे उद्योजक पाउल हिर्श यांनी नाझी राजवटीत आपले संगीत ग्रंथालय इंग्लंडला हलविले, ते इ.स. १९४६ मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतले.

दुसरा वर्ग सामान्य रसिकांचा आहे. ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून, ग्रंथालयांनी काढून टाकलेल्या प्रतींतून किंवा परस्पर देवाणघेवाणीतून पॉकेट स्कोअर मिळवतात. काहीजण एका मालिकेचे सर्व क्रमांक, काहीजण एका संगीतकाराच्या सर्व रचना, तर काहीजण फक्त आपण ऐकलेल्या रचना जमवतात. पूर्वीच्या मालकाने पेन्सिलीने केलेल्या खुणा, मैफलीची तारीख, गाळलेल्या पुनरावृत्तीची नोंद यांना अशा संग्रहात महत्त्व असते. कारण त्यांतून ती रचना कधी, कोठे आणि कशी ऐकली गेली हे समजते.

जुन्या स्कोअरवर प्रकाशनवर्ष अनेकदा छापलेले नसते. पूर्वी प्रत्येक पान कथिल व शिसे यांच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर हाताने कोरले जाई आणि पत्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकावर क्रमांक टाकला जाई. हा क्रमांक छापील पानाच्या तळाशी उमटतो. प्रकाशकांच्या क्रमांकांच्या याद्या उपलब्ध असल्याने त्यावरून मुद्रणकाळाचा अंदाज बांधता येतो. अभ्यासक ओटो एरिख डॉइच यांनी इ.स. १९४६ मध्ये अशा क्रमांकांची सूची प्रसिद्ध केली. मात्र जुनेच पत्रे वापरून अनेक वर्षांनी पुन्हा छपाई होत असे. म्हणून क्रमांकावरून पत्रा कधी कोरला हे कळते, ती प्रत कधी छापली हे निश्चित होत नाही.

प्रताधिकार आणि डिजिटल प्रती

संगीतकाराच्या मृत्यूनंतर ठरावीक वर्षांनी त्याची रचना सार्वजनिक अधिकारक्षेत्रात येते. ही मुदत युरोपीय संघात ७० वर्षे, तर भारतात ६० वर्षे आहे. अमेरिकेत अनेक जुन्या रचनांचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. इ.स. १९४५ मध्ये निधन पावलेल्या बेला बार्टोकच्या रचना त्यामुळे भारतात इ.स. २००६ च्या आरंभापासून आणि युरोपीय संघात इ.स. २०१६ च्या आरंभापासून मुक्त झाल्या. त्याच्या उत्तरकालीन काही रचना अमेरिकेत अद्याप संरक्षित आहेत. रचना मुक्त झाली तरी तिच्या नव्या चिकित्सक आवृत्तीला स्वतंत्र संरक्षण असू शकते. जर्मन कायद्यात अशा आवृत्त्यांसाठी २५ वर्षांची मुदत आहे.

देशोदेशीच्या मुदतींतील हा फरक ‘इंटरनॅशनल म्युझिक स्कोअर लायब्ररी प्रोजेक्ट’ या ऑनलाइन ग्रंथालयाच्या बाबतीत वादाचे कारण ठरला. त्या वेळी विद्यार्थी असलेल्या एडवर्ड ग्वो यांनी ते १६ फेब्रुवारी २००६ रोजी सुरू केले. स्वयंसेवक जुने स्कोअर स्कॅन करून तेथे चढवीत. त्या काळी मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत असलेल्या कॅनडात ग्रंथालयाचे सर्व्हर होते. युरोपात अद्याप संरक्षित असलेल्या रचना तेथे मिळत असल्याचा आक्षेप घेऊन व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशनने कायदेशीर नोटीस पाठविली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये ग्रंथालय बंद झाले. ३० जून २००८ रोजी ते पुन्हा सुरू झाले. इ.स. १५०१ मध्ये व्हेनिस येथे बहुस्वरी संगीताचा पहिला छापील संग्रह काढणारा मुद्रक ओत्ताव्हियानो पेत्रुची याचे नाव या ग्रंथालयाला जोडलेले आहे. आज तेथे दोन लाखांहून अधिक रचना उपलब्ध आहेत. कॅनडाने इ.स. २०२२ च्या अखेरीस आपली मुदत ७० वर्षांपर्यंत वाढविली.

साल्झबुर्गच्या मोझार्टेउम प्रतिष्ठानने डिसेंबर २००६ मध्ये मोझार्टच्या नव्या समग्र आवृत्तीचा स्वरपाठ खाजगी व शैक्षणिक वापरासाठी इंटरनेटवर विनामूल्य खुला केला. ध्वनिमुद्रणाबरोबर स्कोअरची पाने आपोआप उलटत जाणारे व्हिडिओही आता मोठ्या प्रमाणावर पाहिले जातात. यामुळे छापील पॉकेट स्कोअरची गरज कमी झाली असली, तरी विनामूल्य मिळणाऱ्या प्रती बहुधा शतकापूर्वीच्या आवृत्त्यांच्या असतात आणि नंतरच्या संशोधनातील दुरुस्त्या त्यांत नसतात.

भारतातील संदर्भ

हिंदुस्तानी संगीतात स्वरलिपीचे स्थान वेगळे आहे. विष्णू नारायण भातखंडे यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. विष्णू दिगंबर पलुसकर यांनीही स्वतंत्र स्वरलेखन पद्धती प्रचारात आणली. ही स्वरलिपी बंदिशीचा सांगाडा देते. आलाप, बोलबाट व ताना गायकाने त्या वेळी रचायच्या असतात. म्हणून मैफलीत पुस्तक उघडून गायन ताडून पाहण्याची प्रथा येथे रूढ झाली नाही. पाश्चात्य स्कोअरमध्ये मात्र जवळजवळ प्रत्येक स्वर लिहिलेला असल्याने श्रोत्याला तसा माग ठेवता येतो.

गोव्यात चर्चशी संलग्न असलेल्या पॅरिश शाळांतून मुलांना स्टाफ नोटेशन वाचण्याचे व व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण मिळत असे. या परंपरेतून आलेले अनेक वादक मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि हिंदी चित्रपटसंगीतात दाखल झाले. संगीतदिग्दर्शकाने गाऊन दाखविलेल्या चालीचे वाद्यवृंदासाठी स्कोअर व पार्ट लिहून काढण्याचे काम सबॅस्टियन डिसूझा व अँथनी गोन्साल्विस यांसारख्या गोमंतकीय अरेंजरांनी केले. गोन्साल्विस यांनी इ.स. १९५८ मध्ये भारतीय रागांवर आधारित रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहून सादर केल्या.

मुंबईत मेहली मेहता यांनी इ.स. १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. इ.स. २००६ मध्ये राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएमध्ये, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. इ.स. १८६५ पासून चालू असलेले फुर्टाडोज हे दुकान मुंबईत पाश्चात्य वाद्यांबरोबर छापील संगीतासाठीही ओळखले जाते.

मर्यादा

पॉकेट स्कोअरमधील बारीक छपाई वाचणे कष्टाचे असते, विशेषतः वीस-पंचवीस ओळींच्या पानावर. वेगवान भागात पाने झपाट्याने उलटावी लागतात. नजर पुढच्या बारकडे राहिल्याने कानांकडे दुर्लक्ष होते, असा आक्षेपही घेतला जातो. म्हणून अनेक अनुभवी श्रोते रचना आधी स्कोअरशिवाय, मग स्कोअरसह आणि पुन्हा स्कोअरशिवाय ऐकतात. वाद्याचा पोत, सभागृहाचा घुमारा, लयीतील सूक्ष्म सैलपणा या गोष्टी कागदावर लिहिल्या जात नाहीत. लिहिलेले काय होते आणि वादकांनी त्यात कशाची भर घातली हे वेगळे करून पाहता येणे हा पॉकेट स्कोअरचा श्रोत्याला होणारा मुख्य उपयोग आहे.